वाड्यावर फायबर न्यायची तर पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून न्या

गेली बारा वर्षं मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात केबलचं काम करतोय. आधी टीव्हीचं, आता इंटरनेटचं. वाळपईहून आत शिरलं की मुख्य रस्त्याला फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यातून उजेडानं इंटरनेट आणणारी केबल, दिसते, पण रस्ता सोडून वाड्यावर, म्हणजे आतल्या वस्तीवर, उतरलात की घरं कुळागरांत (पोफळीच्या बागांत) विखुरलेली आणि मोबाईलला रेंजची जेमतेम एक काडी. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा माझी पुतणी टेकडीवर काजूच्या झाडाखाली बसून नववीचे तास करायची. जून महिना, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाईल. त्या पोरीकडे बघवत नव्हतं. आज आमच्या वाड्यावर ३१ घरं, काजू फोडायचे दोन छोटे उद्योग, एक होमस्टे आणि एक पिठाची गिरण फायबरच्या लाईनवर आहेत. तुमच्या वाड्यावर हे करायचं असेल तर कसं करावं ते सांगतो. लाईन ओढायला दोन आठवडे पुरतात. जून ते सप्टेंबर ती जिवंत ठेवणं हेच खरं काम आहे, म्हणून प्रत्येक टप्प्यावर मी पावसाबद्दलच बोलणार आहे.

पहिली गोष्ट वही. एका रविवारी घरोघर फिरा आणि लिहून काढा: घरात माणसं किती, शिकणारी मुलं किती, धंदा कोणता, महिन्याला किती देणं झेपेल, वीज कितीदा जाते. खाली सही घ्या. इंटरनेट कंपनीकडे रिकाम्या हातानं गेलात तर तुमचं एकच कनेक्शन, आणि एका घरासाठी दोन किलोमीटर केबल कुणीही ओढत नाही. तीस सह्या पुढे ठेवल्या की बोलणं बदलतं. आमच्या बाबतीत एका कंपनीनं आधी रस्त्यालगतची दोनच घरं जोडली आणि ‘पुढचं बघू’ म्हणून गेली ती गेली. वही केल्यावर दुसरी कंपनी आपणहून सर्वेला आली.

मग जवळची फायबर कुठे आहे ते शोधा. सुरुवात पंचायत घरापासून करा. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. शिवाय सरकारी कार्यालयं जोडणारं गोवा ब्रॉडबँड नेटवर्क आहे. पंचायत सचिवांना तीन प्रश्न विचारा: फायबर आली आहे का, ती जिथे येते ती पेटी चालू आहे का, आणि केबलमध्ये वापरात नसलेले धागे किती. त्यानंतर रस्त्याकडेच्या बीएसएनएलच्या आणि खाजगी पेट्या बघा. अंतर मोजायचं ते सगळ्यात जवळच्या पेटीपासून.

परवानगीला कंटाळू नका. विजेचे खांब वीज खात्याचे, त्यांवर न विचारता केबल टाकली तर ती कधीतरी कापली जाणारच, आणि ती पावसातच कापली जाते. रस्ता कापायचा असेल तर ज्याचा रस्ता त्या खात्याला अर्ज. कुणाच्या भाटातून (बागायतीतून) जायचं असेल तर मालकाकडून लेखी संमती, भाऊबंदकी असली तर सगळ्यांची. दूरसंचार मार्गाधिकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून केबल नेण्याच्या हक्काचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. अर्ज कंपनीच्या नावानं जातो, पण त्याच्या पाठीमागे रोज फोन करणारा माणूस वाड्याचाच हवा.

वनजमिनीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सत्तरी, सांगे, काणकोण या तिन्ही तालुक्यांत बरीच माणसं इथेच हात टेकतात. २००६ च्या वन हक्क कायद्यात कलम ३(२) आहे. शाळा, अंगणवाडी, पाण्याच्या टाक्या अशा गावच्या सोयींच्या यादीत वीज आणि दूरसंचाराच्या तारा स्पष्ट लिहिलेल्या आहेत. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे ग्रामसभेत ठराव घेतल्याशिवाय वन खात्याकडे जाण्यात अर्थ नाही. ठरावात मार्गाचा नकाशा जोडा आणि एकही झाड तोडणार नाही हे लिहा. आमच्या मार्गात खरंच एकही झाड तोडावं लागलं नाही, जुन्या पायवाटेनंच लाईन आली.

आता केबल. कंपनीच्या यंत्रातून निघालेला उजेड २८ डेसिबेलपर्यंत (उजेडाची घट याच एककात मोजतात) कमी झाला तरी घरच्या डब्याला, म्हणजे फायबर जिथे संपते त्या यंत्राला, वाचता येतो, हा तुमचा खर्चाचा हिशेब. एक किलोमीटर फायबरला साधारण ०.३५ जातात. एका धाग्याच्या उजेडाची बत्तीस घरांत वाटणी केली की १७ च्या आसपास जातात. प्रत्येक जोडाला थोडं, प्रत्येक कनेक्टरला अर्धा. सात किलोमीटरवर बत्तीस घरं धरली तरी बावीसच्या आत बसतं. उरलेले सहा खर्चू नका. पावसात जोड भिजतो, केबल दबते, तेव्हा तेच वाचवतात. वाटणी एकाच ठिकाणी करू नका. आम्ही मांडाजवळ, म्हणजे वाड्याच्या सणाच्या जागेजवळ, एकाचे चार केले आणि पुढे प्रत्येक झुपक्यात एकाचे आठ. एका बाजूची फांदी पडली तरी बाकीचा वाडा चालू राहतो.

आमची मोठी चूक पहिल्या वर्षी झाली. स्वस्तात मिळाली म्हणून आधाराला पोलादी तार असलेली केबल घेतली. काचेतून वीज वाहत नाही, पण त्या तारेतून वाहते. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी माडावर वीज पडली आणि तारेवरून घराघरात गेली. नऊ डबे जळाले, एका घरचा टीव्हीसुद्धा. आधार म्हणून फायबरग्लासची काडी असलेलीच केबल मागा. पोलाद नको म्हणजे नको. त्याच हिशेबानं केबल झाडाला बांधू नका. पोफळ वाऱ्यात डोलते आणि जोड ओढते, माकडं लोंबकळतात, खारी कुरतडतात. खांब नसेल तिथे पाईपमधून जमिनीखाली घाला. प्रत्येक तिसऱ्या खांबावर दहा-पंधरा मीटर केबल गुंडाळून ठेवा. झाड पडून केबल तुटली की हाच साठा ओढून जोडता येते.

जोड कसा करतात ते एकदा तरी बघा. वरचं आवरण सोललं की केसापेक्षा जरासा जाड काचेचा धागा उरतो, १२५ मायक्रॉनचा. तो अल्कोहोलनं पुसायचा, कटरनं सरळ कापायचा आणि यंत्रात ठेवायचा. पडद्यावर दोन टोकं समोरासमोर सरकतात, एक ठिणगी पडते आणि दोघांचा एक धागा होतो. एक धुळीचा कण, घामाचा एक थेंब, की जोड वाया. म्हणून पावसात उघड्यावर जोड करू देऊ नका, ताडपत्री धरा. कापलेले तुकडे बाटलीत टाका. पायात गेले तर दिसत नाहीत आणि निघतही नाहीत.

जिथे फायबर नेणं परवडत नाही, म्हणजे ओहोळापलीकडचं एकटं घर किंवा डोंगरावरचा होमस्टे, तिथे पाच गिगाहर्ट्झचा रेडिओ, म्हणजे तारेशिवाय इंटरनेट पोचवणारी यंत्रांची जोडी, लावा. या लहरींचे पट्टे २०१८ मध्ये परवानामुक्त झाले. नुसतं समोरचं घर दिसून भागत नाही. दोन किलोमीटरच्या टप्प्यात मध्यावर पाच मीटर त्रिज्येची जागा लागते, निदान त्यातली साठ टक्के मोकळी हवी. मार्चमध्ये पानगळीत लावलेला रेडिओ जुलैत बंद पडतो, कारण पाऊस स्वतः एवढा आड येत नाही, ओली पानं येतात. उन्हाळ्यात लावायचा असेल तर पानं गळालेली झाडं मध्ये येत नाहीत ना हे आधी बघा. तेही जमत नसेल तर छतावर बाहेरचा अँटेना लावून फोर-जी राऊटर. मोबाईलमध्ये आरएसआरपीचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा बघत घराभोवती फिरा. उणे ११० पेक्षा वाईट असेल तर जागा बदला, उणे ९५ मिळाला तर काम झालं.

वीज गेली की नेट जातं, ही तक्रार सगळ्यात जास्त. घरच्या राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसतो, तो घ्याच. उजेडाच्या वाटणीसाठी वाड्यावर वीजेवरचं कोणतंही यंत्र ठेवू नका. आमच्या वाटणीच्या पेट्यांना वीज लागतच नाही, फायबरचा हा मोठा गुण आहे.

पैशांचं आणि कायद्याचं एकत्र सांगतो. स्वतः लाईन घेऊन घराघरात विकणं परवान्याशिवाय बेकायदेशीर आहे. परवाना असलेल्या कंपनीचा भागीदार म्हणून काम करा. दुकानातून तासावारी वायफाय द्यायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत दुकानदाराला परवाना लागत नाही. दर महिन्याच्या बिलाव्यतिरिक्त आम्ही घरटी तीस रुपये काढतो, चवथीला आणि शिगम्याला वर्गणी काढतो तसेच. त्यातून दोनशे मीटर केबल, कनेक्टर, उजेड मोजायचं मीटर आणि केबल कुठे तुटली ते दाखवणारं लाल दिव्याचं पेन घेतलं. वाड्यावरच्या दोन पोरांना मी तात्पुरता जोड शिकवला. एकजण काजू फोडायला जातो, दुसरी बारावी झालेली मुलगी, आणि तीच जास्त हुशार आहे. कंपनीचा माणूस पावसात चार दिवसांनी येतो, ही दोघं संध्याकाळपर्यंत लाईन चालू करतात.

ओढायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी केबलवर आलेल्या फांद्या छाटा आणि प्रत्येक घरी मीटर लावून उजेडाचा आकडा वहीत नावापुढे लिहा. पावसात फोन आला की आधी वही उघडायची. उणे वीसचा उणे सव्वीस झाला असेल तर केबल कुठेतरी दबली किंवा वाकली आहे, पायवाटेनं चालत जा, सापडेल. डब्यावर लाल दिवा लागला असेल तर बहुतेक केबल तुटली, पोरांना पिशवी घेऊन पाठवा.