टेनपिन बोलिंग: मनगट न पिळता बॉल हूक कसा करायचा

बॉल नेमका हेड पिनच्या, म्हणजे सर्वांत पुढच्या 1 नंबरच्या पिनच्या, शेजारी लागतो, पिनांचा खडखडाट होतो, हात वर जायच्या बेतात असतो, आणि मधोमध 5 नंबरची पिन जागच्या जागी उभी दिसते. हे वारंवार घडत असेल तर तुमच्या नेमात दोष नाही. बॉल पिनांमध्ये ज्या कोनातून शिरतोय, तो कोन कमी पडतोय.

फाऊल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नाही त्या रेषेपासून, हेड पिनपर्यंत अंतर 60 फूट आणि लेनची रुंदी जेमतेम साडेतीन फूट. अगदी कडेवरून सरळ बॉल टाकला तरी तो पॉकेटमध्ये, म्हणजे 1 आणि 3 नंबरच्या पिनांमधल्या फटीत, दीड अंशाच्या आतल्या कोनातूनच पोहोचतो. मग पिनांना भिडला की बाहेर ढकलला जातो. उत्तम स्ट्राइकमध्ये, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पडतात तेव्हा, बॉल स्वतः फक्त चार पिनांना शिवतो: 1, 3, 5 आणि 9. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात. बॉलला 5 नंबरपर्यंत आत घुसायचं असेल तर कोन साधारण 6 अंशांचा हवा, आणि तो फक्त वळणारा बॉल, म्हणजे हूकच, देऊ शकतो. व्यावसायिक खेळाडू हूक टाकतात ते दिसायला छान म्हणून नाही, हे गणित आहे म्हणून.

हूक शिकायला लागलं की बहुतेकांची पहिली चूक एकच असते: बॉल सोडताना मनगट गर्रकन फिरवायचं. मीही सुरुवातीला तेच केलं. काही महिन्यांत मनगट इतकं दुखायला लागलं की दाराची कडी काढतानाही कळ यायची, आणि बॉल कधी अख्खी लेन ओलांडून पलीकडे जायचा, कधी थेट गटरमध्ये, म्हणजे लेनच्या कडेच्या पन्हळीत. हूक मनगटाच्या पिळातून येत नाही. अंगठा आधी सुटतो, दोन बोटं क्षणभर बॉलमध्येच राहतात, आणि त्या क्षणात बोटं बॉलला जी फिरकी देतात तिचा हूक होतो. खालच्या सगळ्या पायऱ्या तो एक क्षण नीट साधण्यासाठीच आहेत. मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं धरावं.

पायरी 1: लेनवरचं तेल ओळखा

लेन कोरडी दिसते, पण तिच्यावर तेलाचा पातळ थर असतो. रोजच्या खेळासाठीच्या लेनवर हा थर साधारण पहिल्या 40 फुटांपर्यंत असतो, मधोमध जास्त आणि कडांना कमी. पुढचे 20 फूट कोरडे असतात. तेलावर बॉल घसरतो, त्याची फिरकी तिथे वाया जात नाही, साठून राहते. कोरड्या भागात आला की तो लेनला पकडतो आणि वळतो. शेवटी फिरकी आणि पुढे जाण्याची दिशा जुळतात आणि तो नुसता लोळत पिनांमध्ये शिरतो. घसरणं, वळणं, लोळणं, हे तिन्ही टप्पे मिळून अडीच सेकंदांच्या आसपास आटोपतात. म्हणून हूक नीट पडला तर बॉल सुरुवातीला सरळच जाताना दिसतो. हातातून सुटल्या सुटल्या वळत असेल, तर वेग कमी आहे किंवा फिरकी चुकीची आहे.

पायरी 2: बॉल आणि पकड

इथे मी स्पष्टच सांगतो: बोलिंग सेंटरवर सगळ्यांसाठी ठेवलेल्या बॉलने व्यावसायिकांसारखा हूक पडत नाही, कितीही मेहनत केली तरी. त्या बॉलचं बाहेरचं आवरण प्लॅस्टिकचं, म्हणजे पॉलिएस्टरचं असतं आणि ते लेनला फारसं पकडत नाही. त्यापेक्षा जास्त पकडतं युरेथेन, आणि त्याहून जास्त रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह बॉल आले आणि हूकचं रूपच बदललं. पण तंत्र शिकायला सेंटरचा बॉल चालतो. उलट बरंच आहे: थोडाच वळतो, त्यामुळे हाताची चूक लपत नाही.

दुसरा फरक भोकांचा. सेंटरच्या बॉलमध्ये मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात. स्वतःच्या मापाने भोकं पाडून घेतलेल्या बॉलमध्ये ती पहिल्या पेरापर्यंतच जातात, याला फिंगरटिप ग्रिप म्हणतात. या पकडीत अंगठा सुटल्यावर बोटांना बॉल फिरवायला जास्त वाव मिळतो.

अंगठ्याच्या भोकाचं माप सगळ्यांत महत्त्वाचं. बॉल हातात लोंबकळत ठेवा. तो पडू नये म्हणून अंगठा आवळावा लागत असेल तर भोक मोठं आहे, आणि आवळलेला अंगठा वेळेवर कधीच सुटत नाही. भोकात खास चिकटपट्टीचे एक-दोन तुकडे लावले की हा प्रश्न सुटतो. अंगठा फुगतो आणि आकसतो, त्यामुळे खेळता खेळता पट्टी काढावी-घालावी लागते. जुने खेळाडू हे सहज करतात, नवे लाजतात. लाजू नका.

वजनाच्या बाबतीत फुशारकी नको. नियमाप्रमाणे बॉल जास्तीत जास्त 16 पौंडांचा असतो, पण जो बॉल खांदा न उचलता, दात न आवळता झोक्यासारखा मागे-पुढे हलवता येतो, तोच तुमचा.

पायरी 3: हाताचा झोका

हात म्हणजे दोरी आणि बॉल म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. बॉल पुढे ढकलायचा आणि सोडून द्यायचा. तो आपल्या वजनाने खाली येतो, मागे जातो, परत पुढे येतो. ताकद लावून बॉल फेकायला गेलं की दंड ताठ होतो, कोपर बाहेर जातं आणि फिरकी तिथेच संपते. कोपर शरीराच्या जवळ आणि झोका नेमाच्या सरळ रेषेत, एवढंच सांभाळा.

पायरी 4: पावलं

चार पावलांचा अप्रोच, म्हणजे फाऊल लाइनपर्यंतची चाल, शिकायला सोपा. पहिलं पाऊल उजवं, त्याच वेळी बॉल पुढे. दुसऱ्या पावलाला बॉल खाली येऊन पायाजवळून जातो, तिसऱ्याला मागे सर्वांत वर असतो, चौथ्याला डावा पाय घसरत फाऊल लाइनच्या अलीकडे थांबतो आणि बॉल सुटतो. पावलं घाईची झाली तर बॉल मागेच राहतो आणि हात ओढावा लागतो. फाऊल लाइन ओलांडली तर त्या बॉलच्या पिना मोजत नाहीत. शिवाय पलीकडे तेल असल्याने पाय घसरतो, ते वेगळंच.

पायरी 5: बॉल सोडण्याचा क्षण

आता खरं काम. बॉलकडे वरून बघताय आणि त्याच्यावर घड्याळाची तबकडी आहे असं समजा, 12 चा आकडा पिनांच्या दिशेला. हात खाली येताना तळवा बॉलच्या मागे असतो, बोटं 6 वाजता आणि अंगठा 12 वाजता. बॉल डाव्या घोट्याजवळ आला की बोटं 6 वरून 5 किंवा 4 वर सरकतात आणि अंगठा 10-11 च्या दिशेला येतो. एवढंच फिरणं पुरतं. अंगठा भोकातून निघतो, बॉलचं सगळं वजन क्षणभर दोन बोटांच्या पेरांवर येतं, आणि बोटं तो वजनदार गोळा बाजूने वर उचलत सोडून देतात. ते वजन बोटांवर जाणवलं तर समजा जमलं. नुसता बॉल हातातून गळल्यासारखा वाटला तर अंगठा उशिरा निघाला.

सुरुवातीला काहींना हे सरकणंही जास्त वाटतं. त्यांच्यासाठी सोपा मार्ग असा: पूर्ण झोकाभर हात हस्तांदोलन करतो तसा बाजूला ठेवा, जड पिशवी धरल्यासारखा. फिरवायचं काहीच नाही. अंगठा सुटला की बोटं आपोआप बॉलच्या बाजूला असतात आणि हलका हूक पडतो. हा हूक छोटा असतो, पण दर वेळी सारखा पडतो, आणि नवशिक्याला वळणापेक्षा सारखेपणाची गरज जास्त असते.

चूक तपासायची सोपी खूण: हात पुढे जाऊन कानाजवळ थांबला की अंगठ्याकडे बघा. तो वर, जरा डावीकडे असेल तर ठीक. तो जमिनीकडे रोखलेला असेल आणि हाताची पालथी बाजू वर आलेली असेल, तर तुम्ही बॉलच्या डोक्यावरून हात फिरवलात. असा बॉल भोवऱ्यासारखा जागच्या जागी फिरतो, लेनला पकडत नाही आणि पिनांना लागला की दुबळा ठरतो. मनगटाची दुखणीही यातूनच सुरू होतात.

मनगट किंचित आत वळवून, जणू ओंजळीत धरलंय तसं ठेवलं तर अंगठा लवकर सुटतो आणि फिरकी वाढते. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टे तर अंगठा घालतच नाही, दोन्ही हातांनी टाकतो. अंगठाच नसल्याने तो कधी सुटतो हा प्रश्नच उरत नाही, आणि फिरकी प्रचंड मिळते. 2019 मध्ये त्याने अकरावं मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धांमधलं, विजेतेपद मिळवून दहा मेजरचा जुना विक्रम मोडला. पण मनगट आत ठेवायला हातात ताकद लागते. आधी सरळ मनगटाने सहा-सात आठवडे खेळा, मग हळूहळू.

पायरी 6: सराव, आणि बॉलवरचं तेल वाचणं

फाऊल लाइनपासून दोन पावलं मागे उभे राहा, डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला. पावलं टाकायची नाहीत. बॉल फक्त मागे-पुढे दोनदा हलवा आणि तिसऱ्या झोक्याला सोडा. पिना किती पडल्या याकडे बघू नका, लक्ष अंगठ्यावर ठेवा. दहा-पंधरा बॉल असे टाकल्यावर एक पाऊल जोडा, मग पूर्ण अप्रोच. घरी टेनिसचा चेंडू पुरतो: तळहात वर ठेवून खालून सोडा आणि बोटांनी बाजूला फिरकी द्या. जमिनीवर टप्पा पडताच तो डावीकडे वळला तर हात बरोबर चालतोय.

बॉल परत आला की लगेच पुसू नका, आधी नीट पाहा. लेनच्या तेलाच्या पातळ कड्या त्याच्यावर उमटलेल्या असतात, आणि बॉल कुठल्या पट्ट्यावर लोळला ते त्या दाखवतात. पहिली कडी अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांपासून सुमारे इंचभर अंतरावर असेल तर फिरकी छान आहे. कडी भोकांवरून जात असेल तर लेनवरून जाताना खट-खट आवाज येतो, तो कान देऊन ऐका. कडी भोकांपासून फार लांब आणि लहान वर्तुळाची असेल तर तोच भोवऱ्याचा दोष. हे पाहून झालं की मग पुसा, आणि दर बॉलनंतर पुसा. तेलकट बॉल वळत नाही.

पायरी 7: उभं कुठे राहायचं, सरकायचं कधी

लेन 39 फळ्यांची असते आणि फाऊल लाइनच्या पुढे साधारण 15 फुटांवर सात बाण असतात, दर पाच फळ्यांवर एक. पिनांकडे पाहून नेम धरू नका, बाणांवर धरा. डावा पाय अप्रोचच्या, म्हणजे चालायच्या जागेच्या, मधल्या ठिपक्यावर ठेवा आणि उजवीकडून दुसऱ्या बाणावरून, म्हणजे 10 व्या फळीवरून बॉल जाऊ द्या. तिथून जुळवणी सुरू होते.

बॉल पॉकेटच्या डावीकडे गेला तर पाय 2 फळ्या डावीकडे आणि नजर 1 फळी डावीकडे. उजवीकडे राहिला तर तेवढंच उजवीकडे. चूक ज्या बाजूला, त्याच बाजूला सरकायचं. एका बॉलवरून निर्णय घेऊ नका, दोनदा सारखंच घडलं तरच सरका. तिसऱ्या-चौथ्या गेमनंतर तुमच्या वाटेवरचं तेल बॉलनी पुसून नेलेलं असतं आणि बॉल लवकर वळायला लागतो. तेव्हा हात बदलायला जाऊ नका. डावीकडे सरका, जिथे तेल अजून शिल्लक आहे.

वेगाची एक खूणगाठ: स्कोअरच्या पडद्यावर ताशी 25 ते 28 किलोमीटर दिसत असेल तर बहुतेकांचा हूक वेळेत वळतो. त्याहून बराच जास्त वेग असेल तर बॉलला पकडायला वेळच मिळत नाही. अशा वेळी पावलं मंद करा, सुरुवातीला बॉल जरा खाली धरा, झोका आपोआप लहान होतो.

स्पेअर, म्हणजे पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना, मात्र हूकने मारू नका. एकटी उभी पिन पाडायला कोन लागत नाही, अचूकपणा लागतो, आणि वळणारा बॉल तेलाच्या प्रत्येक फरकाने वाट बदलतो. व्यावसायिकांच्या पिशवीत स्पेअरसाठी प्लॅस्टिकचा वेगळा बॉल असतो तो याचसाठी. उजव्या कोपऱ्यातली 10 नंबरची पिन राहिली असेल तर अप्रोचच्या डाव्या टोकाला उभे राहा, अंगठा शेवटपर्यंत 12 वर ठेवा, तळवा बॉलच्या मागेच, आणि मधल्या बाणाच्या आसपासून लेनला तिरपं छेदत सरळ टाका.