व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत: अभ्यासाला हात कुठून घालावा

बहुतेक पाठ्यपुस्तकं फ्रॉइडपासून सुरू होतात आणि कालक्रमाने पुढे सरकतात. नवख्याने मात्र आधी गुणविशेषांचं, म्हणजे ट्रेट सिद्धांतांचं प्रकरण वाचावं. व्यक्तिमत्त्व मोजतात कसं ते तिथे कळतं, आणि ते कळलं की बाकीच्या प्रत्येक सिद्धांताला ‘याला पुरावा काय?’ असं विचारायची सवय लागते. फ्रॉइडपासून सुरुवात केली तर वाचन रंगतं खरं, पण शंका घ्यायचं राहून जातं.

प्रत्येक सिद्धांतासाठी वहीचं एक पान ठेवा आणि त्यावर चारच गोष्टी लिहा: हा सिद्धांत कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, त्याचं एकक काय (प्रवृत्ती, गुण, अपेक्षा की स्वतःबद्दलची प्रतिमा), पुरावा कुठून आला, आणि त्याला काय सांगता येत नाही. चौथा रकाना कोरा राहिला, तर प्रकरण पुन्हा वाचायला घ्या.

ट्रेट सिद्धांतांची सुरुवात शब्दकोशातून झाली. माणसामाणसांतले महत्त्वाचे फरक भाषेत उतरलेले असणारच, या गृहीतकावर ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून १७,९५३ शब्द वेचले आणि त्यांतून स्थिर गुण सांगणारे सुमारे साडेचार हजार वेगळे काढले. कॅटेलने ती यादी १७१ आणि पुढे ३५ गटांपर्यंत आटवली. त्याची सोळा घटकांची चाचणी १९४९ मधली. त्याच्याच ३५ गटांवर ट्यूप्स आणि क्रिस्टल यांनी काम केलं, तेव्हा १९६१ मध्ये पुन्हा पुन्हा पाचच घटक वर आले. आज ‘बिग फाइव्ह’ म्हणतात ते हेच: बहिर्मुखता, सहमतशीलता, कर्तव्यदक्षता, न्यूरॉटिसिझम (चिंता-चिडचिडीकडे कल) आणि अनुभवांबद्दलचा खुलेपणा. म्हणजे हे पाच आधी कुणी डोक्यातून काढून मग तपासलेले नाहीत, ते माहितीच्या विश्लेषणातून हाती आले. या सिद्धांताची ताकद तीच आणि उणीवही तीच: पाचच का, याचं उत्तर त्यात मुळात नव्हतं.

घटक विश्लेषणाचं, म्हणजे एकत्र बदलणारी उत्तरं गटांत बांधण्याचं, गणित पहिल्या वर्षी आलं नाही तरी चालेल. गुणांकन मात्र स्वतःच्या हाताने करून बघाच. समजा, कर्तव्यदक्षतेची चार विधानं आहेत, उत्तरं १ ते ५ मध्ये द्यायची आहेत, आणि तिसरं-चौथं विधान उलट आहे (‘मी वस्तू कुठेही टाकतो’ यासारखं). एकाची उत्तरं आली ४, ५, २, १. उलट विधानांचे गुण ६ मधून वजा करायचे, म्हणजे २ चे ४ आणि १ चे ५. बेरीज १८, सरासरी ४.५. उलटवायचं विसरलात तर बेरीज १२, सरासरी ३, आणि चांगला नेटका माणूस कागदावर मधलाच ठरतो. प्रकल्पांत सर्वांत जास्त घोळ होतो तो इथेच. संगणकावर विश्वसनीयतेचा आकडा, म्हणजे अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा), फार खाली किंवा ऋण आला तर आधी उलट विधानं तपासा. चाचणीला दोष नंतर द्या.

यानंतर थेट ट्रेट सिद्धांतांचा टीकाकार मिशेल याच्याकडे जावं. चाचणीवरच्या गुणांचा एखाद्या प्रसंगातल्या प्रत्यक्ष वागण्याशी असलेला सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात तो आकडा) साधारण ०.३० च्या पुढे जात नाही, असं त्याने १९६८ मध्ये दाखवलं. ०.३० चा वर्ग ०.०९, म्हणजे वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के. यावर ‘म्हणजे व्यक्तिमत्त्व असं काही नसतंच’ असं लिहून मोकळं होणं ही नेहमीची चूक. १९७९ मध्ये एपस्टाइनने दाखवून दिलं की एका प्रसंगाऐवजी अनेक दिवसांच्या वागण्याची सरासरी घेतली, की सातत्य स्पष्ट दिसतं. मिशेलनेही पुढे शोडाबरोबर वेगळी वाट काढली. उन्हाळी शिबिरातल्या मुलांच्या निरीक्षणात असं दिसलं की एकूण सारखीच आक्रमक मुलं वेगवेगळ्या प्रसंगी आक्रमक होतात: एक सोबत्याने चिडवल्यावर, तर दुसरं मोठ्यांनी दटावल्यावर. हा ‘असं झालं तर तसं’चा साचा टिकाऊ असतो. व्यक्ती आणि परिस्थिती यांतला वाद उत्तरपत्रिकेत लिहिताना या तिन्ही पायऱ्या हव्यात. एकच लिहिली की उत्तर लंगडं पडतं.

आता फ्रॉइड. त्याचे दोन आराखडे आहेत आणि विद्यार्थी ते एकमेकांत मिसळतात. जाणीव, पूर्वजाणीव (आठवू म्हटलं तर आठवणारं) आणि अबोध हा १९०० चा आराखडा. इद (आदिम इच्छा), अहम् (वास्तवाशी जुळवून घेणारा भाग) आणि पराहम् (नीतीचा पहारेकरी) हा १९२३ चा. ‘अबोध म्हणजे इद’ हे समीकरण चुकीचं आहे, कारण अहम् आणि पराहम् यांचाही मोठा भाग अबोधच असतो. दुसरी गल्लत दमनाची: नकोसा विचार मुद्दाम बाजूला सारणं वेगळं आणि तो नकळत जाणिवेबाहेर ढकलला जाणं, म्हणजे दमन, वेगळं. संरक्षण यंत्रणांची (मनाला त्रासापासून वाचवणाऱ्या नकळत युक्त्यांची) पद्धतशीर मांडणी ॲना फ्रॉइडची, १९३६ मधली. युंगची अंतर्मुखता ही मानसिक ऊर्जेची दिशा आहे, आयझेंकची अंतर्मुखता मेंदूच्या उद्दीपनाशी जोडलेली. शब्द एकच असला तरी उदाहरणं अदलाबदल करून वापरू नयेत.

सगळे सिद्धांत एकाच वर्तनावर घासून बघितल्याशिवाय ते अंगवळणी पडत नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत काम टाळणारा माणूस घ्या. ट्रेटवाला म्हणेल, कर्तव्यदक्षता कमी. भाकितासाठी हे उपयोगी, पण स्पष्टीकरण म्हणून वापरलं की गोल फिरतं: काम टाळतो कारण दक्षता कमी, आणि दक्षता कमी कशावरून, तर काम टाळतो. मनोविश्लेषक अपयशाच्या भीतीपासूनचा बचाव शोधेल. अडचण अशी, की त्या माणसाने ‘भीती नाही’ म्हटलं तर तेही बचावातच जमा होतं, मग सिद्धांत खोटा ठरायचा कसा? सामाजिक शिक्षणाचा सिद्धांत मांडणारा बँड्युरा विचारेल, हे विशिष्ट काम जमेल असं त्याला किती वाटतं? ० ते १०० मध्ये आकडा घ्या, आधी एखादा छोटा भाग पुरा करू द्या, पुन्हा आकडा घ्या. स्वक्षमतेवरच्या विश्वासाचा सर्वांत भक्कम स्रोत म्हणजे प्रत्यक्ष यश, असं त्याचं म्हणणं, आणि ते असं पडताळता येतं. (स्वक्षमता म्हणजे आत्मसन्मान नव्हे. गणित जमणार नाही असं वाटूनही स्वतःबद्दल बरं वाटू शकतं.) मानवतावादी रॉजर्स बघेल ते वास्तव ‘मी’ आणि आदर्श ‘मी’ यांतलं अंतर, आणि आपुलकी अटींवर मिळत आली का हे. त्याच्या सहकाऱ्यांनी हे अंतर मोजायला विधानांची शंभर कार्डं स्वतःला किती लागू पडतात त्या क्रमाने लावायला दिली, त्यामुळे मानवतावाद म्हणजे नुसत्या गोड गोष्टी, असं समजू नये. गरजांची उतरंड मांडणाऱ्या मास्लोवर फार वेळ घालवू नका. त्याच्या १९४३ च्या लेखात तो सुप्रसिद्ध पिरॅमिड नाही, एवढं ध्यानात असलं की निम्मी गफलत टळते.

अनुवंशिकतेचा आकडा लिहिताना जपून. जुळ्यांच्या अभ्यासांतून येणारे ४० ते ५० टक्के हे समूहातल्या फरकांबद्दल असतात. ‘माझा निम्मा स्वभाव आईवडिलांकडून आला’ असा अर्थ त्यातून निघत नाही.

प्रकल्पासाठी चाचणी निवडताना १६ प्रकारांत माणसं बसवणारी लोकप्रिय प्रश्नावली टाळा. गुण सलग पसरलेले असतात आणि बहुतेक माणसं मध्याजवळ असतात. मधे रेघ मारून दोन गट पाडले की एकदोन गुणांच्या फरकाने माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या प्रकारात जातो. ‘पण माझं वर्णन तंतोतंत जुळलं’ हा पुरावा धरू नका: फोररने ३९ विद्यार्थ्यांना एकच मजकूर स्वतंत्र वर्णन म्हणून दिला, तेव्हा त्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. बिग फाइव्ह मोजणारी २४० विधानांची नेओ चाचणी विकत घ्यावी लागते. गोल्डबर्गच्या आयपिप संग्रहातली विधानं सर्वांना मोफत खुली आहेत, पहिल्या प्रकल्पाला ती पुरतात. फक्त तुमच्या नमुन्याला लागू पडतील असे नॉर्म्स (तुलनेसाठीचे समूहाचे गुण) हाताशी नसतील, तर अहवालात ‘उच्च’ किंवा ‘निम्न’ लिहू नका. सरासरी आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत तो आकडा) द्या.