खपली गव्हाच्या मऊ गार्लिक ब्रेडस्टिक

खपलीचं पीठ घरात आलं की पोळ्या, खीर, लापशी होतेच. ब्रेडचा प्रयोग मात्र बहुतेकांचा पहिल्याच फटक्यात फसतो. स्टिक विटेसारख्या घट्ट होतात, नाहीतर ट्रेमध्ये पसरून चपट्या. दोष पिठाचा नसतो. मैद्याच्या ब्रेडची कृती जशीच्या तशी खपलीला लावली जाते, तिथे घोटाळा होतो. हे पीठ मळून मऊ होत नाही, भिजून मऊ होतं. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

पीठ असं का वागतं

नेहमीच्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, खपलीत २८. ब्रेडला ताण आणि उसळी देणारी काही महत्त्वाची प्रथिनं ज्या 'डी' जनुकसंचातून येतात, तो संच खपलीत नाहीच. त्यामुळे प्रथिनं भरपूर असली तरी त्यांचं जाळं, म्हणजे ग्लुटेन, कच्चं राहतं. ताणलं की लांबतं, पण परत येत नाही, आणि जास्त ताणलं की तुटतं. खात्री करायची असेल तर २५-२५ ग्रॅम मैदा आणि खपलीच्या पिठाचे दोन गोळे भिजवा, २० मिनिटं ठेवा आणि पाण्याच्या वाडग्यात हलक्या हाताने चोळून धुवा. मैद्याचा रबरासारखा चिवट गोळा हातात उरेल. खपलीचा उरला तर मऊ, लिबलिबीत आणि सहज तुटणारा असेल.

जाळं कच्चं आहे याचा अर्थ ग्लुटेन नाही असा मुळीच नव्हे. सीलिॲकचा (ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराचा) त्रास असणाऱ्यांनी खपलीपासूनही लांबच राहावं.

खपली आणि बन्सी यांत गल्लत करू नका. दोन्ही लांबट दाण्याचे, पण बन्सी हा ड्युरम जातीचा गहू. तो शेवया-रव्याला उत्तम, या स्टिकना नाही. खपलीचा दाणा सडपातळ, तांबूस आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. इटलीत याच गव्हाला फार्रो म्हणतात आणि तिथेही त्याचे ब्रेड होतात, त्यामुळे आपण काही अघोरी करत नाही आहोत. पाकीट घेत असाल तर मागची घटकांची यादी वाचा. 'खपली आटा' असं मोठ्या अक्षरात लिहून आत साधा गहू मिसळलेला असू शकतो.

गिरणीत दळून आणत असाल तर बारीक दळायला सांगा आणि ज्वारी-बाजरीच्या दळणामागोमाग लगेच घालू देऊ नका. गरम पीठ पसरून पूर्ण गार करा, मगच वापरा. नंतर मैद्याच्या चाळणीने चाळा. कोंड्याचे जाड कण सुरीसारखे काम करतात आणि आधीच नाजूक असलेलं जाळं कापतात. वर उरलेला कोंडा टाकू नका, पोळीच्या कणकेत जातो.

साहित्य (१२ स्टिक, प्रत्येकी साधारण ६० ग्रॅम)

- चाळलेलं खपलीचं पीठ २८० ग्रॅम
- मैदा १२० ग्रॅम
- पाणी १२५ मिली (उकडीसाठी)
- दूध १५० मिली, शिवाय लागलंच तर २०-३० मिली
- इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम
- साखर १५ ग्रॅम
- मीठ ७ ग्रॅम
- मऊ बटर ३० ग्रॅम
- वरून लावायला: बटर ५० ग्रॅम, लसूण २० ग्रॅम, मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर

वाटी-चमच्याऐवजी वजनकाटा वापरा. खपलीचं पीठ दळण्याच्या जाडीनुसार वाटीत कमी-जास्त बसतं आणि इथे २० ग्रॅमचा फरकही जाणवतो.

मैदा का, असा प्रश्न येणारच. १२० ग्रॅम मैद्याने स्टिकला उभं राहण्यापुरता कणा मिळतो. चव खपलीचीच राहते. मैदा अजिबात नको असेल तर सगळं पीठ खपलीचं घ्या, त्यात ८ ग्रॅम इसबगोल मिसळा आणि दूध ६० मिलीने वाढवा. इसबगोल पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनांची उणीव थोडी भरून काढतो. स्टिक चविष्ट होतात, पण जाळी बारीक येते. पहिल्या वेळी मैद्यासहच करा.

उकड

मोदकाची उकड काढता येते त्याला हा भाग सांगायला नको. वजन केलेल्या खपलीच्या पिठातलं २५ ग्रॅम पीठ १२५ मिली गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. मंद आचेवर सतत ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत ते दाटतं. चमचा फिरवल्यावर तळाला रेघ उमटून क्षणभर टिकली की उतरवा. थर्मामीटर असेल तर साधारण ६५ अंश सेल्सिअस. पिठातलं स्टार्च इथे फुगतं आणि पाणी पकडून ठेवतं. भट्टीतून काढल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊपणा टिकतो तो याच पाण्यामुळे. झाकून कोमट होऊ द्या. गरम उकड पिठात घातली तर पुढे यीस्ट मरेल.

भिजवणं

उरलेलं २५५ ग्रॅम खपलीचं पीठ, मैदा, कोमट उकड आणि १३० मिली दूध एकत्र करा. मळू नका, फक्त कोरडं पीठ कुठे राहणार नाही इतपत कालवा. यीस्ट आणि मीठ अजून नाही. झाकून ४० मिनिटं ठेवा. या वेळात कोंडा पाणी पिऊन मऊ होतो आणि प्रथिनं आपोआप जुळतात. मीठ आधी घातलं तर पीठ आवळतं आणि पाणी सावकाश शिरतं.

४० मिनिटांनी पीठ चिकट आणि सैल दिसेल. इथेच हात कोरड्या पिठाकडे जातो. तो आवरा. आता घातलेली प्रत्येक मूठ शेवटी स्टिक कडक करते.

उरलेलं २० मिली दूध हाताला जेमतेम कोमट लागेल असं करा, त्यात साखर आणि यीस्ट विरघळवा. यीस्ट जुनं असेल तर १० मिनिटं थांबा. फेस आला नाही तर ते फेकून द्या, पुढे जाऊच नका. हे मिश्रण आणि मीठ पिठात घाला आणि पाच मिनिटं मळा, शेवटच्या दोन मिनिटांत बटर घाला. मिक्सरला पीठ मळायचं भांडं असेल तर अगदी कमी गतीवर दोन-तीन मिनिटं पुरे.

पुरणपोळीची कणीक तेलात बुडवून तिंबायची सवय इथे विसरा. पीठ पातळ पडद्यासारखं ताणता येईपर्यंत मळा असं ब्रेडच्या कृतींत लिहिलेलं असतं, तो पडदा खपलीत कधीच दिसणार नाही. त्याच्या मागे लागून मळत राहिलात तर दहाव्या मिनिटाला पीठ अचानक सुटतं, ओलं आणि चकचकीत होतं. जाळं तुटल्याची ती खूण आहे, आणि तुटलेलं पीठ परत सावरत नाही.

पहिली फूग

पीठ उभ्या कडांच्या भांड्यात ठेवा आणि उंचीवर रबरबँड लावा. २० मिनिटांनी आणि ४० मिनिटांनी ओल्या हाताने चारही बाजूंनी उचलून मध्ये घडी घाला. मळण्याची राहिलेली ताकद या दोन घड्यांतून येते.

खोलीत २८-३० अंश असेल तर ६० ते ७५ मिनिटं लागतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत दोन तास लागू शकतात, तर मे महिन्यात कोकणात पाऊण तासातच काम होतं. घड्याळापेक्षा रबरबँड पाहा. पीठ दीडपट झालं की थांबायचं. दुप्पट होऊ द्यायचं नाही. कोंड्यासकट दळलेलं पीठ मैद्यापेक्षा लवकर आंबतं आणि खपलीच्या कच्च्या जाळ्याला तेवढा वायू पेलत नाही. मध्ये खोलगट झालं आणि आंबूस वास आला की समजा वेळ टळली.

आकार

ओट्याला आणि हाताला तेल लावा. ६० ग्रॅमचे १२ गोळे करून पाच मिनिटं झाकून ठेवा. मग तळहाताने पुढे-मागे फिरवत १५ सेंटीमीटर लांब, साधारण दोन सेंटीमीटर जाड वळ्या करा. खपलीच्या पोळीचे काठ फाटतात तशीच इथेही वरची त्वचा फाटते. फाटू लागली तर जोर करू नका, पाच मिनिटं ठेवून परत वळा.

ट्रेवर बटर पेपर घालून वळ्या दीड सेंटीमीटर अंतरावर मांडा. २८-३० लिटरच्या ओटीजीच्या (घरगुती विजेच्या ओव्हनच्या) ट्रेवर सहा-सहाच्या दोन ओळी बसतात. अंतर मुद्दाम कमी आहे. लादीपाव एकमेकांना चिकटून भाजले जातात म्हणूनच त्यांच्या कडा मऊ राहतात. स्टिकही फुगून शेजारणीला टेकल्या पाहिजेत. लांब लांब ठेवल्या तर चारही बाजूंनी कवच धरेल आणि इटलीतल्या तुरीनच्या ग्रिसिनीच्या (कुरकुरीत ब्रेडकाडीच्या) वाटेने जातील. तीही चांगलीच असते, पण आज ती करायची नाही.

झाकून २५-३० मिनिटं ठेवा. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा अर्धाच भरला तर तयार. लगेच पूर्ण भरला तर अजून दहा मिनिटं. भरलाच नाही तर जास्त फुगलंय, तडक ओव्हनमध्ये घाला.

भाजणं

ओव्हन २०० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल लावून १५ मिनिटं आधी तापवा. स्टिकवर हलक्या हाताने दूध फिरवा. ब्रशचा दाब पडला तरी वळ्या बसतात. मधल्या कप्प्यात १२ ते १४ मिनिटं भाजा. खपलीचा रंग मुळात तांबूस असल्याने नुसत्या रंगावर जाऊ नका. आतलं तापमान ९२-९४ अंश हवं. थर्मामीटर नसेल तर मधली एक स्टिक उचलून पाहा, तळ कोरडा आणि फिकट बदामी हवा. कमी तापमानावर जास्त वेळ भाजलं तर ओलावा उडून स्टिक वाळतात, म्हणून १६०-१७० वर अर्धा तास ठेवायच्या फंदात पडू नका.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचा तवा आणि घट्ट झाकण चालतं. वळ्या थोड्या चपट्या करा, बटर लावलेल्या तव्यावर अगदी मंद आचेवर झाकून प्रत्येक बाजू सहा-सात मिनिटं भाजा. उलटताना झाकणाच्या आतलं पाणी पुसून घ्या, नाहीतर थेंब पडून डाग धरतात.

लसूण केव्हा आणि कसा

कच्चा लसूण पिठात घालू नका. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं यीस्टला मंद करतात आणि ग्लुटेनही सैल करतात, आणि खपलीकडे गमवायला फार काही नाहीच. पिठात लसूण हवाच असेल तर सालासकट भाजून मऊ केलेला घाला. भाजण्याआधी वरून लावलेला लसूणही २०० अंशांवर जळून कडू होतो. म्हणून तो शेवटी.

लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा. पाकळी फुटल्यावर एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि उग्र चव तयार होते. लगेच गरम केलं तर विकर मरतं आणि चव फिकी पडते. गावठी बारीक पाकळ्यांचा लसूण असेल तर २० ऐवजी १५ ग्रॅम पुरे. बटर मंद आचेवर वितळवा, लसूण घालून दोन मिनिटं परता. कच्चा वास गेला पाहिजे, रंग बदलता कामा नये. उतरवून कोथिंबीर आणि बटर बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ घाला.

ट्रे बाहेर आल्या आल्या अर्धं बटर लावा, दोन मिनिटांनी उरलेलं. मग सुती कापडाने दहा मिनिटं झाका. आतली वाफ कवचात मुरते आणि वरचा थर मऊ पडतो. तूप वापरलं तर वास छान येतो, पण गार झाल्यावर तोंडात मेणासारखं लागतं, शिवाय बटरमध्ये असतो तो पाण्याचा अंश तुपात नाही.

बिघडलं तर

आतून घट्ट आणि चिकट: पहिली फूग अपुरी, किंवा गरम असतानाच तोडलं. भुगा होतो: उकड वगळली किंवा कोरडं पीठ घातलं. चपट्या पसरल्या: फूग जास्त झाली, किंवा दूध जास्त पडलं. गिरणीच्या प्रत्येक दळणाची पाणी पिण्याची ताकद वेगळी असते, म्हणून जादाचं दूध मळताना चमच्याचमच्यानेच घाला. तळ करपला आणि वर पांढरं: ट्रे खालच्या कप्प्यात होता.

ठेवणं

उरलेल्या स्टिक फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथल्या थंडाव्यात स्टार्च सर्वांत लवकर कडक होतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपणार असतील तर हवाबंद डबा, नाहीतर सरळ फ्रीजरमध्ये महिनाभर. खाताना वर पाण्याचा हात फिरवून १६० अंशांवर पाच-सहा मिनिटं, किंवा झाकलेल्या तव्यावर. उरलेलं लसूण-बटर फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच. तेलात किंवा बटरमध्ये बुडवलेला लसूण ओट्यावर ठेवू नये, त्यात हवेशिवाय वाढणारे घातक जिवाणू वास न बदलता वाढू शकतात. खपलीचं पीठही अंकुरातल्या तेलामुळे खवट होतं. बाहेर तीन-चार आठवडे, उन्हाळ्यात त्याहून कमी. एका वेळी दोन किलोच दळून आणलेलं बरं.

सोबत टोमॅटोचं सार द्या, जरा दाटसर ठेवून.