सांगलीत पूर यायच्या आधी पाणी भरा, हो पाणीच

नदीकाठाला नवीन भाड्यानं राहायला आलेले विचारतात पुराची तयारी काय करायची, तर माझं उत्तर ठरलेलं, आधी प्यायचं पाणी भरा. लोक हसतात. पण २०१९ ला आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीवर कृष्णामाई आणि वर घरात प्यायला अडीच कळशा, अशी गत झालेली. पंप पाण्यात गेले की नळ बंद, लाईट त्याआधीच गेलेली असते, आणि खालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरतं.

कधी भरायचं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी बघा. ४० फूट इशारा, ४५ धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं, २०२१ ला ५५ च्या आसपास. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगरवाल्यांनी ४० ची वाटच बघू नका, तिथं आधीच शिरतं. आपल्या गल्लीत किती फुटाला येतं ते शेजारच्या आजोबांना विचारायचं आणि तो आकडा दारामागं खडूनं लिहून ठेवायचा, त्याच्या पाच फूट आधी भरायला लागा.

आणि नुसता कोयना धरणातनं सोडलेलं पाणी, म्हणजे विसर्ग, बघून चालत नाही बरं का. कोयना कराडला मिळते, वारणा हरिपूरला, पंचगंगा तर आपल्या खाली नरसोबावाडीला, ती फुगलेली असली की आपलं पाणी लवकर ओसरत नाही. १ लाख क्युसेक (सेकंदाला १ लाख घनफूट) म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यावरून किती पाणी येतंय त्याचा अंदाज घ्या. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून भांडायला नंतर अख्खं वर्ष आहे.

किती भरायचं, तर पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी ४ लिटर, चौघं, ८ दिवस, झाले १२८ लिटर. म्हणजे २० लिटरचे ७ जार, तेही वरच्या मजल्यावर, गॅसची टाकी आणि शेगडीपण वरच.

पुरवायचं कसं हे मला जतच्या मावशीनं शिकवलं. इकडं आम्ही पुरात आणि त्याच जिल्ह्यात तिच्याकडं तेव्हा टँकर चालू, फोनवर दोघंही पाण्यावरनंच रडतोय! ती म्हणाली प्यायचं पिंप वेगळं, त्यात हात घालायचा नाही, दांड्याचं ओगराळं ठेव. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासला. आणि पाऊस पडतोयच की, गच्चीवर घमेली बादल्या मांड, वापरायला ते घे. प्यायची वेळच आली तर सुती कापड चौघडी करून गाळा, खळखळून उकळा. पुराचं पाणी मात्र उकळूनसुद्धा पिऊ नका, त्यात डिझेल, शेतातली औषधं, काय काय असतं.

अजून एक, पाणी पहिल्यांदा दारातनं येत नाही, बाथरूमच्या जाळीतनं उलटं वर येतं. जाळीवर आणि कमोडवर वाळूचं पोतं दाबून ठेवा, घाण तरी अडते.

म्हातारी माणसं, लहान पोरं असली तर हे सगळं बाजूला ठेवा आणि रस्ता चालू आहे तोवर निघा. जार सोबत घ्या.

ओसरल्यावर खालची टाकी पूर्ण उपसायची, ब्रशनं घासायची, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून धुवायची आणि पहिली भरलेली टाकी सरळ सोडून द्यायची, जीव तुटला तरी.