शाळेवरचा समाजशास्त्राचा प्रकल्प: सुरुवात हजेरीपटापासून करा

‘शिक्षणाची समाजातील भूमिका’ या विषयावरचे प्रकल्प दरवर्षी माझ्या टेबलावर येतात. पहिल्या पानांत फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुरखाइम, मग अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्सन्स, मग मार्क्सवादी आणि शेवटी ‘शिक्षण ही काळाची गरज आहे’. आपण बीड जिल्ह्यात राहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या वस्त्या आणि तांडे ऊसतोडीला निघतात, पण त्यातलं काही या वह्यांत उतरत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण इतकं जवळचं आणि इतकं खरं साहित्य या विषयाला क्वचितच मिळतं. म्हणून यंदा काम कसं करायचं ते सविस्तर लिहिते आहे.

सिद्धांताची पुस्तकं आधी मिटून ठेवा. आपल्या गावची जिल्हा परिषदेची शाळा निवडा, मुख्याध्यापकांना कॉलेजचं पत्र द्या आणि एका वर्गाचा मागच्या वर्षीचा हजेरीपट पाहायला मागा. पाचवी किंवा सहावी घ्या. त्या वयाची पोर धाकट्या भावंडाला सांभाळण्याजोगी झालेली असते, म्हणून आईबाप तिला बरोबर नेतात. जून ते एप्रिल, महिन्यागणिक हजर दिवस उतरवून घ्या. मुलांची नावं लिहू नका, क्रमांक द्या. शेजारी तीन रकाने आखा: मुलगा की मुलगी, घरचे तोडीला जातात का, आणि जात असतील तर मूल कुणाकडे राहिलं. गळीत हंगाम सुरू झाला की कोणते क्रमांक गळतात ते तुम्हालाच दिसेल.

एखादं मूल पटावर हजर आणि प्रत्यक्षात पार कर्नाटकातल्या उसाच्या फडावर, असंही आढळेल. ते नोंदवा, पण गुरुजींना कोंडीत पकडायला म्हणून नको. पटसंख्येवर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी ठरते, पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. शाळा नावाची संस्था स्वतःला कशी टिकवते, हाही आपल्या अभ्यासाचाच भाग आहे.

आता दुरखाइमकडे या. एका सकाळी परिपाठाला मागे उभे राहा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. घरात मूल आईबापाचं लाडकं म्हणून वाढतं. परक्यांच्या सोबतीनं, सगळ्यांना सारख्या लागू असलेल्या नियमाखाली जगायला त्याला शाळा शिकवते, असं दुरखाइमचं म्हणणं. परिपाठात ते डोळ्यांसमोर घडतं. पण एवढ्यावर थांबू नका. पुढे येऊन प्रतिज्ञा कोण सांगतं? मार्चमध्ये परतलेलं मूल रांगेत कुठे उभं राहतं, मधल्या काळात बसवलेली प्रार्थना त्याला येते का? ज्या धाग्यानं समाज बांधला जातो तो या मुलापर्यंत पोचतो का, हे इथे तपासता येतं.

पार्सन्सवर एक परिच्छेद पुरे. शाळा सगळ्यांना एकाच मापानं मोजते आणि कर्तृत्वाप्रमाणे पुढे पाठवते, हा त्याचा दावा तुमच्या हजेरीच्या तक्त्याशेजारी ठेवा. निम्मं वर्ष फडावर असलेल्या मुलाला कोणतं माप लागू होतं, ते लिहा.

मार्क्सवादी मांडणीला मात्र वेळ द्या. बोल्स आणि गिंटिस या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मांडलं की शाळेतली घंटा, शिस्त, वरून आलेला हुकूम आणि गुणांचं आमिष यांची घडण कारखान्यातल्या कामासारखीच असते. शाळा मजूर घडवते. आता आपल्याकडे पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर गोळा करणारा मुकादम कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती बहुतेकदा लग्नात, दवाखान्यात नाही तर जुन्या देण्यात आधीच संपलेली असते, आणि ती फेडायला जावंच लागतं. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, तान्ह्याला सांभाळणारी अकरा वर्षांची बहीण कुठल्याही घंटेनं घडवलेली नाही. शाळेनं तिला मजूर केलेलं नाही. शाळेचा हात पोचण्याआधी उचलीनं तिला नेलं. माझ्या मते हा सिद्धांत इथे अपुरा पडतो. तुम्हाला तसं वाटत नसेल तर पुराव्यानिशी माझ्याशी वाद घाला. गुण त्या वादाला आहेत.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूची सांस्कृतिक भांडवलाची कल्पना विद्यार्थ्यांना अवघड वाटते: घरातून मिळालेली भाषा, सवयी आणि साधनं शाळेत भांडवलासारखी कामी येतात. ती समजून घ्यायला आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या प्रकल्पवह्या चाळा. एका वहीत सेवा केंद्रातून काढलेले रंगीत प्रिंट, मोठ्या ताईच्या अक्षरातली शीर्षकं. दुसरीत जुन्या वर्तमानपत्रातून कापलेलं, कडेला फाटलेलं चित्र आणि खाली मुलानं स्वतः लिहिलेल्या दोन ओळी. कुणाला किती गुण पडले ते पाहा आणि गुण नेमके कशाला मिळाले ते शिक्षकांना आदरानं विचारा.

आणि कृपा करून जोतीराव फुल्यांना प्रस्तावनेत हार घालून मोकळे होऊ नका. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी दिलेलं निवेदन हे शिक्षणाच्या समाजशास्त्राचंच लेखन आहे. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी तेव्हा मांडलं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या, म्हणजे ते लोकांत मिसळतील, असंही सुचवलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. सक्ती कुणावर करायची, मूल न पाठवणाऱ्या बापावर की उचल देणाऱ्यावर, हा प्रश्न तुमच्या गावात विचारून बघा.

मुलाखतींबद्दल. ‘तुम्हाला शिक्षण महत्त्वाचं वाटतं का?’ हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. बाईमाणसाला विचारताना तिच्या कामाच्या वेळेत जाऊ नका आणि असं विचारा: ‘मावशी, मागल्या पट्ट्याला (ऊसतोडीच्या हंगामात) पोरं कुणापाशी ठेवली होती?’ मग आजीची गुडघेदुखी, हंगामी वसतिगृहाचं जेवण, वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायची धास्ती, सगळं आपोआप येतं. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं शिक्षण हमी कार्ड बरोबर नेलं होतं का आणि ते कुठल्या शाळेनं पाहिलं, हेही विचारा. उत्तर त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, शुद्ध करू नका.

लिहून झालं की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याचं वाचन ठेवा. तारीख टोळ्या निघायच्या आतली घ्या, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ते आईबाप समोर बसलेले असतील आणि चुकलेलं तिथल्या तिथे दुरुस्त करतील. त्या दुरुस्त्या वेगळ्या शाईनं लिहून वही माझ्याकडे द्या.