पंपाच्या रोटरसाठी मोल्डेड फेराइट मॅग्नेट कसा निवडायचा

छोट्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) पंपाचा रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग करायचाय आणि इंजेक्शन मोल्डेड फेराइट वापरायचं ठरलंय, तर कॅटलॉग उघडून सगळ्यात जास्त गॉसवाला, म्हणजे सगळ्यात ताकदवान ग्रेड शोधत बसू नका, आधी तो रोटर कशात बुडणार ते बघा.

हा मॅग्नेट म्हणजे स्ट्रॉन्शियम फेराइटची पावडर प्लास्टिकमध्ये कालवून मोल्ड केलेली, वजनात पावडर साधारण ८५ ते ९० टक्के, आणि खरी भानगड उरलेल्या प्लास्टिकमध्येच असते. फेराइटचा क्युरी पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला चुंबकपणा जातो तो, ४५० डिग्री सेल्सियसच्या आसपास, पण प्लास्टिक म्हणून घातलेला नायलॉन त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. शिवाय नायलॉन पाणी पितो आणि फुगतो, नायलॉन ६ जास्त, नायलॉन १२ बराच कमी. आमचा एक नायलॉन ६ चा रोटर कोरडा असताना मस्त फिरला, मग काही दिवस गरम पाण्यात चालवून खोलला तर अंगावर घासल्याचा चकचकीत पट्टा, मायक्रोमीटर लावला तर डायमीटर वाढलेला! तेव्हापासून गरम पाण्याला मी नायलॉनऐवजी पीपीएस हे प्लास्टिकच घेतो. महाग आहे आणि ठिसूळ पण आहे, त्यामुळे शाफ्ट नंतर ठोकून बसवू नका, साच्यातच ठेवून त्यावर मोल्ड करून घ्या, आणि वेल्ड लाइन (साच्यात प्लास्टिकचे दोन प्रवाह भेटतात तो सांधा) कुठे येणार ते गेट (प्लास्टिक साच्यात शिरायची जागा) ठरवतानाच विचारा, तडा बहुतेक तिथूनच जातो.

ताकद सिंटर्ड (प्लास्टिकशिवाय, पावडर दाबून भाजलेल्या) फेराइटपेक्षा कमीच मिळते, हे मान्य करूनच पुढे जायचं. पण साच्यातच मॅग्नेटिक फील्ड देऊन पावडरचे कण पोलप्रमाणे वळवले, म्हणजे पोलर ओरिएंटेशन केलं, की फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) बाहेरच्या बाजूला एकवटतो आणि आत लोखंड घालायची गरज फारशी उरत नाही. फक्त नंतर मॅग्नेटाइझ करताना पोल त्याच जागी पडले पाहिजेत, म्हणून रिंगला एक छोटी खाच ठेवायला सांगा. सॅम्पल आले की हिरवी पोल फिल्म (चुंबकाचे पोल दाखवणारा कागद) गुंडाळून बघा, पोलच्या रेघा सारख्या अंतरावर दिसायला हव्यात.

आणि थंडी विसरू नका. निओडिमियम गरमीत डीमॅग्नेटाइझ होतो, फेराइटची कोअर्सिव्हिटी (डीमॅग्नेटाइझ व्हायला विरोध करायची ताकद) मात्र थंडीत घटते, डिग्रीमागे साधारण ०.३ टक्के, म्हणजे २० वरून उणे ४० ला गेलात तर जवळपास १८ टक्के कमी. गाडीतला पंप असेल तर उणे ४० ला रोटर अडकवून पूर्ण करंट द्या, मग परत रूम टेंपरेचरला आणून बॅक ईएमएफ (रोटर फिरवल्यावर मोटरच्या वाइंडिंगमध्ये तयार होणारा व्होल्टेज) मोजा, आधीच्या रीडिंगपेक्षा उतरला असेल तर जास्त कोअर्सिव्हिटीचा ग्रेड मागा, भले गॉस थोडा कमी मिळाला तरी चालेल.