पांदण, मुरूम आणि कन्हानची रेती: छोट्या फोर-बाय-फोरसाठी

नागपूरहून काटोल-नरखेडकडे गेलात तर चाकाखाली बेसाल्टचा दगड आणि काळी माती येते. रामटेक-देवलापारकडे वळलात तर जुना स्फटिकी खडक आणि लालसर मुरूम. कन्हान-पेंचच्या पात्रात रेती. मारुतीची जिम्नी किंवा जिप्सी कुठे फसणार हे यावरच ठरतं, म्हणून आधी जमीन ओळखायची आणि मग चाकातली हवा ठरवायची.

डांबरावर दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा ठेवा. पांदणीला, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेला, लागल्यावर मुरूम-दगडासाठी 20 ते 22 पीएसआय पुरे. टायर थोडा दबतो, टोकदार दगडाला फाटण्याऐवजी त्याच्याभोवती वाकतो आणि हादरेही कमी होतात. रेतीत 15-16 पर्यंत उतरा. या गाड्या वजनाला हलक्या, त्यामुळे एवढ्यावर त्या रेतीवर तरंगतात. मात्र या हवेवर वेग 30 च्या आत ठेवा आणि झटक्यात वळू नका, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. परत हवा भरायला 12 व्होल्टचा कंप्रेसर लागेल. तो बॅटरीला थेट क्लिपने जोडा. डॅशबोर्डच्या सॉकेटवर मोठा कंप्रेसर लावला की फ्यूज उडतो.

फोर-एच, म्हणजे चारही चाकं ओढणारा नेहमीच्या वेगाचा गिअर, अडकल्यावर नव्हे, रेती दिसल्याबरोबर लावायचं. जुन्या जिप्सीत पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेल्या हबचे खटके हाताने ‘लॉक’वर फिरवावे लागतात. एक विसरला तरी पुढची चाकं ओढत नाहीत. फोर-एलसाठी (चारही चाकं, पण कमी वेग आणि जास्त ताकद) गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, मग लिव्हर. डांबरावर आल्याबरोबर टू-एच, म्हणजे फक्त मागची दोन चाकं. चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी म्हणजे डिफरन्शियल. या गाड्यांत तो पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर असतो, दोन्हींच्या मधला नसतो. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि पक्क्या रस्त्यावर टायर घसरून तो फरक भरून काढू शकत नाहीत. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकतो, सगळा ताण गिअरवर येतो.

पांदणीतली खरी अडचण चाकोरीची. ट्रॅक्टरने खोल केलेल्या चाकोरीत छोटी गाडी उतरली की मधला उंचवटा पोटाला लागतो. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतलं अंतर) 210 मिलिमीटर, तोही सरळ उभ्या गाडीचा. सर्वांत खाली लटकतो ॲक्सलवरचा डिफरन्शियल, आणि तो अगदी मधोमध नसतो. घरीच गाडीखाली वाकून तो कुठे आहे ते बघून ठेवा. शंका आली तर एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं कडेच्या धुऱ्याजवळ असं चाकोरीला पायांत घेऊन चला. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. मे महिन्यातल्या भेगाळलेल्या जमिनीत चाकाला झटका बसला की अंगठा पिरगळतो.

रेतीत थांबताना ब्रेक मारायचा नाही. चाकापुढे रेतीचा ढीग होतो आणि निघताना तोच चढ चढावा लागतो. ॲक्सिलरेटर सोडून आपोआप थांबू द्या, जमल्यास उताराकडे तोंड करून. जिम्नीत ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद करा, नाहीतर चाक फिरू लागताच तो ताकद कापतो. चाक जागीच फिरू लागलं की पाय लगेच काढा, पुढची प्रत्येक फेरी गाडीला खाली नेते. चारही चाकांपुढची आणि डिफरन्शियलखालची रेती फावड्याने काढा, हवा 12 वर आणा आणि आल्या वाटेनेच रिव्हर्स घ्या, ती आधीच दाबलेली असते. जॅकखाली 30 बाय 30 सेंटीमीटरचा जाड प्लायवूड हवा. दोर चार-पाच टनांचा, आणि तो फक्त ओढण्यासाठी दिलेल्या हुकालाच. वाहतुकीत गाडी बांधायची कडी झटक्यात तुटून गोळीसारखी उडते. रेतीघाटाजवळ उपशाचे खड्डे असतात, वरून सपाट दिसतात. बैलगाड्यांचा नेहमीचा उतार सोडून पात्रात जाऊ नका.

काळ्या मातीला मात्र यातला एकही उपाय चालत नाही. पाऊस पडला की ती फुगते आणि खाचा भरून टायर गुळगुळीत करते. पंधरा-वीस पावलं चालून बघा. बुटाला थर चढत असेल तर वापसा येईपर्यंत, म्हणजे ओल ओसरून माती चिकटेनाशी होईपर्यंत, गाडी घालू नका.

उन्हाळ्यात माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाणी, शिवाय गाडीसाठी दहा. फोर-एलमध्ये पेट्रोल भराभर संपतं, 40 लिटरची टाकी अर्धी झाली की परत फिरा. वाळल्या गवतात गाडी उभी करू नका. कुसळं सायलेन्सरजवळ अडकून पेट घेतात. दर थांब्याला खाली वाकून काढत जा, रेडिएटरच्या जाळीतलीही. दोन गाड्या असतील तर धूळ बसेपर्यंत अंतर ठेवा, एअर फिल्टर तितका जास्त टिकतो.

पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडलाच्या हद्दीत आणि कुठल्याही वनरस्त्यावर परवानगीशिवाय शिरायचं नाही. नकाशावर वाट दिसते म्हणजे ती खुली असतेच असं नाही. पेरलेल्या शेताची कड तुडवू नका. समोरून बैलगाडी आली तर रिव्हर्स आपण घ्यायचा.

परतल्यावर रिमच्या आतला चिखल खरवडून काढा. तो वाळला की 80 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच अलाइनमेंट करत बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही टायरची हवा मोजा. बाभळीचा काटा हळूहळू गळती लावतो. पंक्चरची वादी हातात नसेल तोवर तो उपटू नका.